वळणापुढचे दोन मैल

१

वेंडल क्रॅब्ट्री सकाळी सहाला दुकानाचं शटर वर करायचा आणि दुपारी तीनला खाली ओढायचा. एकोणतीस वर्षं हाच क्रम. डेट्रॉइटच्या दक्षिणेला नदीकाठच्या त्या गावांमध्ये पूर्वी अख्खा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. भोंगे बंद पडून जमाना झाला, पण वेंडलला जाग अजून त्याच वेळेला यायची. आता उठायला मात्र त्याला पलंगाच्या कडेला दहा मिनिटं बसावं लागे. गुडघे गेले होते, पाठ गेली होती, आणि बायको गेल्यापासून घाई करायचं कारणही गेलं होतं.

त्याचं काम ठरलेलं. लोकांच्या बापांच्या, काकांच्या जुन्या धिप्पाड गाड्या यायच्या. आठ सिलिंडरच्या, लांब नाकाच्या, सरळ रस्त्यावर सुसाट सुटणाऱ्या आणि वळण आलं की अंग टाकून देणाऱ्या. वेंडल त्या आतून नव्या करून द्यायचा. रंग तोच, काचा त्याच, पण खाली ब्रेक आजचे, स्टेअरिंग आजचं, स्प्रिंगा आजच्या. सीटचं काम त्याचा मेहुणा ऑगी करायचा. ऑगीला बोलायला लागायचं आणि वेंडलला ऐकायला चालायचं, म्हणून दोघांचं जमलं होतं.

सप्टेंबरात मिसेस झारेम्बांची गाडी ट्रकवरून आली. सत्तर सालची, गर्द हिरवी, दोन दारांची. बाई ब्याऐंशी वर्षांच्या, वाळलेल्या शेंगेसारख्या, पण पाठ ताठ. त्यांनी कामांचा कागद लिहूनच आणला होता. इंधनाचं इंजेक्शन. चारही चाकांना डिस्क ब्रेक. नवं स्टेअरिंग. स्प्रिंगा, टायर, खांद्यावरून येणारे सीट बेल्ट.

वेंडलने विचारलं, गाडी कोण चालवणार आहे?

"चालवणारा आहे," त्या म्हणाल्या. "तू फक्त ती वळणावर नीट वळेल असं कर."

२

पहिलं काम इंजेक्शनचं. जुना कार्बुरेटर काढून टाकायचा आणि त्या जागी नवीन पेटी बसवायची. ह्या पेटीत छोटा संगणक असतो. गाडी जशी चालवाल तसा तो शिकत जातो आणि शिकलेलं एका पडद्यावर मांडून ठेवतो. वेग किती, इंजिन किती तापलं, किती अंतर गेलं. वेंडलने तो पडदा तात्पुरता डॅशबोर्डखाली टांगला, इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, आणि ब्रेकच्या कामासाठी गाडी लिफ्टवर चढवून चारही चाकं काढून ठेवली. तीन वाजता शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर एक फेरी नोंदलेली होती. दुपारी तीन सतराला सुरू. सहा पूर्णांक एक मैल. शेवटचा वेग ताशी अठ्ठावन्न मैल, आणि तिथे नोंद संपली. गाडी थांबते तेव्हा वेग आधी उतरत जातो. हा उतरला नव्हता. अठ्ठावन्न होता आणि मग काहीच नव्हतं.

वेंडलने लिफ्टवर लोंबणाऱ्या बिनचाकाच्या गाडीकडे पाहिलं. मग चष्मा पुसला आणि पडदा पुन्हा वाचला.

पेटी बनवणाऱ्यांना फोन केला. तिथला माणूस म्हणाला, तपासणीचे आकडे आत राहिले असतील, पुसून टाका. वेंडलने पुसले. तीन वाजता निघताना बॅटरीची तारही काढून ठेवली. सकाळी तार जोडली. तीन सतरा, सहा पूर्णांक एक, अठ्ठावन्न.

ऑगीला दाखवलं तेव्हा तो सीटचं कातडं कापता कापता म्हणाला, "मीटरवर विश्वास ठेवणारा मेकॅनिक आणि तराजूवर विश्वास ठेवणारी माझी बहीण, दोघांचं लग्न मीच जमवलं."

वेंडल हसला. त्यालाही वाटलं, यंत्रच आहे, चुकणारच. त्याने पुढचे डिस्क ब्रेक बसवायला घेतले.

३

पुढचे ब्रेक बसले त्याच्या दुसऱ्या सकाळी नोंद बदलली. अंतर तेच, सहा पूर्णांक एक मैल. शेवटचा वेग एकेचाळीस.

वेंडल चालकाच्या सीटच्या कडेला बसून राहिला. एखादा आकडा बिघडला असता तर तो कसाही बिघडला असता. हा बरोब्बर तेवढाच बदलला होता जेवढा नव्या ब्रेकने बदलायला हवा. जुन्या ड्रम ब्रेकवर त्या गाडीला अठ्ठावन्नच्या वेगात जागच्या जागी काही करता आलं नसतं. नव्यांवर ती सतरा मैलांनी उतरली असती. हा हिशेब त्याने कागदावर केला, आणि करून झाल्यावर कागद चुरगळून टाकला.

मागचे ब्रेक बसले. शेवटचा वेग चौतीस.

त्या दिवशी तो घरी गेला आणि चष्मा दुकानात राहिला म्हणून चारच्या सुमाराला परत आला. शटर अर्धं वर केलं तोच आत टक् टक् आवाज ऐकू आला. तापलेलं लोखंड निवताना करतं तसा. तो मघाशी स्वतःच गार इंजिनावर कव्हर घालून गेला होता. वाकवत नव्हतं तरी वाकून तो गाडीखाली गेला आणि धुराच्या नळीजवळ हात नेला. हात तसाच मागे आला. नळी पोळत होती.

चष्मा घेतला. शटर ओढलं. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण घाबरलेलो नाही, फक्त फार दमलोय. बायकोच्या आजारपणात शेवटी शेवटी वाटायचं तसं. आता आणखी हे.

४

शनिवारी तो मिसेस झारेम्बांकडे गेला. विटांचं बुटकं घर, शेजारी चिकटून गॅरेज, गॅरेजमध्ये उघडणारं दार थेट स्वयंपाकघरात. बाईंनी कॉफी ओतली, खसखशीच्या केकचा जाड तुकडा कापून पुढे ठेवला. वेंडल कसं सांगावं ह्याची जुळवाजुळव करत होता, तर त्यांनीच विचारलं,

"आता कुठपर्यंत येतो?"

वेंडलच्या हातातला काटा तसाच राहिला.

मग त्यांनी सांगितलं. मुलगा तादेक, एकवीस वर्षांचा. पोलादाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होता. चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात पाळी संपवून घरी येत होता. कोरडा रस्ता, लख्ख ऊन, गाडीत एकटाच. कालव्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी ओकच्या झाडावर गेली. नवऱ्याने ती भंगारात जाऊ दिली नाही. चार वर्षं खपून पुन्हा उभी केली, जशीच्या तशी, आणि गॅरेजमध्ये ठेवली. एकदाही चालवली नाही. तेव्हापासून रोज दुपारी गॅरेजमधून आवाज यायचा. लांबून गाडी येत असल्यासारखा. यायचा, जवळ यायचा, आणि तुटायचा. नवरा गेल्यावरही यायचाच.

"छत्तीस वर्षं मी ते ऐकलंय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, बाई, दुःख असं ऐकू येतं. असेल. मग एकदा केसांच्या दुकानात मासिक चाळताना वाचलं, की जुन्या गाड्यांना आता नवे ब्रेक बसतात. वळणावर गाडी हातची जात नाही. तेव्हा मनात आलं, पोराकडे असतं हे तर."

"मिसेस झारेम्बा, ती गाडी लिफ्टवर आहे. तिला चाकंसुद्धा नाहीत."

"मला समजावू नकोस, वेंडल. कारखान्याच्या फाटकापासून आपल्या दारापर्यंत आठ मैल आहेत. मी मोजलेत. दोनच राहिले."

त्याने तो केक संपवला. नाही म्हणायचं त्याच्या मनात होतं, जिभेवरही होतं. पण दारात निरोप घेताना त्याने एवढंच विचारलं, की स्टेअरिंग आधी करू की स्प्रिंगा?

५

आणि त्याने काम केलं. आपण हे का करतोय, असं त्याने स्वतःला विचारलं नाही असं नाही. पण रोज सकाळी शटर वर केल्यावर तो आता थेट पडद्याकडेच जायचा, आणि आकडा उतरलेला दिसला की त्याच्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. नवं स्टेअरिंग बसलं, शेवटचा वेग अठ्ठावीस. स्प्रिंगा आणि वळणावर गाडी झुकू न देणारा खालचा आडवा दांडा बसला, बारा. बाराच्या वेगाने झाडाला लागलं तर माणूस मरत नाही, कपाळाला टेंगूळ येतं. तरी नोंद तिथेच तुटत होती.

एका गोष्टीने मात्र तो अडखळायचा. ब्रेक इतके चांगले झाले होते की गाडी केव्हाच थांबायला हवी होती. नव्या ब्रेकच्या आणि स्टेअरिंगच्या तारा त्याच पेटीला जोडलेल्या होत्या, आणि त्यांच्या नोंदीतल्या रेघा तो बोटाने पुन्हा पुन्हा तपासायचा. वळणाच्या अलीकडे कुणी ब्रेक दाबल्याची रेघच नव्हती. वेग उतरायचा तो गाडीच उतरवल्यासारखा. आणि स्टेअरिंग उजवीकडे वळायला हवं तिथे ते सरळ धरलेलं असायचं. शेवटच्या क्षणापर्यंत घट्ट सरळ.

त्याने हे ऑगीला सांगितलं. ऑगीने ह्या खेपेला चेष्टा केली नाही. त्या दिवशी तीनच्या पुढे थांबायचं असं दोघांनी ठरवलं.

तीन सतराला पडदा आपोआप उजळला. इंजिनाचा पट्टा हलला नाही, पंखा हलला नाही. पण आवाज आला. बॉनेटखालून आणि तरी फार दूरवरून, मोठ्या रस्त्यावरून एखादी गाडी येत असावी तसा. दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आवाज चढला, गिअर बदलले, पुन्हा चढला. नऊ मिनिटं. मग एकदम भिंतीवर आपटल्यासारखा थांबला आणि दुकानात कंप्रेसरची बारीक घरघर तेवढी उरली.

ऑगीने टोपी घातली.

"सीट मी पूर्ण करून देतो," तो म्हणाला. "पण घरी बसून करीन. इथे नाही."

"बेल्ट आणि टायर राहिलेत फक्त."

"वेंडल, कुणीतरी ते स्टेअरिंग सरळ धरतंय."

"ऐकलं मी."

"ऐकतोस. तुझं तेवढंच आहे." आणि ऑगी निघून गेला.

६

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी शेवटचे टायर चढले. वेंडलने गाडी स्वतः चालवत नेली. कालव्याजवळचं वळण तिने असं घेतलं की कॉफीचा कपसुद्धा हलला नसता. अडीचला ती गॅरेजमध्ये उभी होती, नाक स्वयंपाकघराच्या दाराकडे, उजवी बाजू भिंतीजवळ. भिंत आणि गाडी ह्यांमध्ये वीतभर जागा. भिंतीवर खिळ्यांना पाचोळ्याची खोरी आणि फावडी टांगलेली.

मिसेस झारेम्बांनी टेबलावर दोन ताटं मांडली होती. वेंडलला वाटलं एक आपलं. मग कळलं की तसं नाही. बाईंनी केस नीट केले होते, ओठांना रंग लावला होता. तो उभाच राहिला. त्याला जायचं होतं, आणि त्यांना एकटं सोडवेना.

आवाज आला. तो आता ओळखीचा झाला होता. वळण येईल तेव्हा बाईंनी टेबलाची कड पकडली. आवाज जरा बसला, टायर किंचित कुरकुरले, आणि मग इंजिन पुन्हा चढलं. वळण मागे पडलं. बाईंच्या तोंडून हुंदका निघाला की श्वास, ते वेंडलला कळलं नाही. पुलाच्या फळ्यांचा खडखडाट. मग गल्ली. मग दारापुढच्या चढावर येणारी मंद घरघर. मग भिंतीपलीकडे इंजिन बंद झालं.

स्वयंपाकघराच्या दाराला वरच्या बाजूला छोटी काच होती. वेंडलने जाळीचा पडदा सारला.

गाडी तिथेच होती, त्याने ठेवली होती तशी. चालकाच्या बाजूचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. दार मात्र हललं नाही. फक्त डाव्या बाजूची स्प्रिंग बोटभर वर आली. एखादा सडपातळ पोरगा उतरला की येते तेवढी. वेंडलने त्या स्प्रिंगा स्वतःच्या हाताने निवडल्या होत्या. किती वजनाला किती दबतात, त्याला पाठ होतं.

मग उजवीकडचं दार वाजलं.

उजवी बाजू वर आली. बोटभर नाही. वर येतच राहिली, हातभर, आणि सबंध गाडी त्या ओझ्यातून सुटून डावीकडे झुकली. भिंतीवरची खोरी एकेक करून हलू लागली. आधी मागचं, मग त्याच्या पुढचं, मग फावडं. त्या वीतभर जागेतून काहीतरी भिंतीला अंग घासत दाराकडे येत होतं, आणि ते फावड्याच्या वरपर्यंत होतं.

"तादेक," मिसेस झारेम्बा म्हणाल्या आणि कडीला हात घातला.

"आई, दार उघडू नकोस."

आवाज दाराला लागूनच होता. कोवळा, आणि इतका थकलेला की वेंडलने तसा आवाज एकदाच ऐकला होता, दवाखान्यात.

"मला ह्याला घर दाखवायचं नव्हतं," तो म्हणाला. "गाडी ऐकेना. मी सरळ धरली होती. ती ऐकेचना."

बाईंचा हात कडीवरच राहिला. खोरी थांबली होती. पलीकडे लाकडाला काहीतरी हळूच टेकलं, आणि दाराची चौकट करकरली.

"चल," पोरगा म्हणाला, आईला नाही, दुसऱ्या कुणाला. "चल, पुढे जाऊ. अजून पुढे आहे."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग दोन दारं लागली, गाडी दोन्ही बाजूंनी खाली बसली, उजवीकडून जास्त, आणि इंजिनाचा आवाज गल्लीतून लांब लांब गेला.

७

तो परत आला नाही. वेंडल रोज जाऊन पडदा वाचत होता. चारशे मैल. नऊशे. दोन हजार. कुठे थांबा नाही, कुठे वेग शून्य नाही. इंधनाची टाकी होती तितकीच भरलेली. आठव्या दिवशी मिसेस झारेम्बांनी त्याला समोर बसवलं. त्यांनी त्या आठवड्यात ओठांना रंग लावला नव्हता.

"त्या रस्त्यावर आठ मैलांत एकच झाड होतं," त्या म्हणाल्या. "आदळावं असं एकच. त्याने ते शोधून ठेवलं असणार. आणि मी छत्तीस वर्षं ऐकून म्हणत होते, बिचाऱ्याला ब्रेक लागले नाहीत."

वेंडलने खुर्ची जवळ ओढली.

"तो झोपतो कधी, वेंडल? त्या मेल्याला घेऊन किती फिरेल? सगळं काढून टाक. पूर्वी होतं तसं कर."

"तसं केलं तर तो—"

"मला माहीत आहे काय होईल. मी त्याची आई आहे. मला सांगायला लावू नकोस."

काढलेले सुटे भाग भंगारात गेले होते. ओहायोतल्या तीन भंगारवाल्यांकडे हिंडून वेंडलने तसेच दुसरे जमवले. ड्रम ब्रेक, ढिलं स्टेअरिंग, मऊ स्प्रिंगा, कार्बुरेटर. पडदा त्याने सर्वांत आधी काढला आणि हातोड्याने फोडला. जन्मभर गाड्या सुधारल्या होत्या, आता एक बिघडवत होता, आणि हात तेच होते. अकरा दिवस लागले. ऑगी न बोलावता आला, मुकाट्याने जुन्या पट्ट्याचे बेल्ट शिवून बसवून गेला.

बाराव्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये उभी करून वेंडल मिसेस झारेम्बांसोबत स्वयंपाकघरात बसला. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारचा माणूस पाचोळा ओढत होता.

तीन सतराला आवाज सुरू झाला. मोठा रस्ता. गिअर. मिसेस झारेम्बांनी डोळे मिटून घेतले आणि त्यांचे ओठ हलत राहिले, पोलिश भाषेत, वेंडलला न कळणारं काहीतरी. वळण आलं. आवाज चढलेलाच होता. तुटला.

त्यांनी हळूच श्वास सोडला.

"झालं," त्या म्हणाल्या. "निजला."

तेवढ्यात भिंतीपलीकडून, दोन मैलांवरून यावा तसा, बारीक पण स्पष्ट, एका दाराचा आवाज आला. एकाच दाराचा. ते उजवीकडचं होतं. वेंडलला गाड्यांच्या दारांचे आवाज वेगवेगळे कळत.

बाईंनाही कळलं असावं. त्या उठल्या, गॅरेजच्या दाराची कडी चाचपली, साखळी लावली, आणि खुर्ची ओढून तिची पाठ दाराच्या मुठीखाली अडकवली. मग परत येऊन बसल्या.

"दोन मैल," त्या म्हणाल्या. "पायी किती वेळ लागतो?"

"चालणाऱ्यावर आहे."

"तू जा, वेंडल. तुझं काही अडलेलं नाही इथे."

वेंडलने खिडकीतून आपल्या ट्रककडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे. त्याने जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि तो त्यांच्या समोर बसून राहिला.